तोंड बघून

केतकी बारवकर हिला राग आला नाही, असा दिवस कोळदऱ्याच्या माध्यमिक शाळेत अजून उजाडायचा होता. बाई वाईट नव्हती हो. विज्ञान शिकवायची, अगदी जीव ओतून शिकवायची, आणि जीव ओतून काम करणाऱ्याला या जगात चिडायला कारणं कधी कमी पडत नाहीत. त्या गुरुवारचं कारण मुख्याध्यापक लोखंडे सर स्वतः हातात घेऊन प्रयोगशाळेत आले.

वीतभर लांबीची एक काळी पट्टी होती ती. पूजेचा कलश ठेवावा तशी सरांनी ती टेबलावर अलगद ठेवली.

"सुबोध! सादरीकरणाचं सगळ्यात नवं साधन. संस्थेनं खास मागवलंय."

"आमच्या साध्या स्लाइड तयार आहेत, सर."

"साध्या स्लाइड घेऊन जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार? मॅडम, यंदा साधनाला वीस गुण आहेत. कोणतं डिजिटल साधन निवडलं, का निवडलं, ते सांगायचंय."

"साधनाला वीस. आणि प्रयोगाला?"

"आहेत ना. प्रयोगालाही आहेत काहीतरी," सर म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

केतकीनं दात आवळले. प्रयोगालाही आहेत काहीतरी! नववीतल्या हिंदवी पिंगळेच्या गटानं वर्षभर घाम गाळला होता आणि या माणसाला तो प्रयोग काय आहे हेसुद्धा धड माहीत नव्हतं.

प्रयोग तसा साधा होता. संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर प्राथमिक शाळेसाठी नवी इमारत बांधली होती. रंग झाला, भिंतींवर फुलपाखरं काढून झाली, येत्या सोमवारी उद्घाटन होतं. आणि त्या इमारतीच्या पलीकडे, वाऱ्याच्या बरोबर वरच्या अंगाला, खडी क्रशर होता. दगड फोडणारं ते यंत्र दिवसभर धडधडायचं. मालक कोण? तर संस्थेच्या अध्यक्षा अक्कासाहेब जगदाळे यांचा मुलगा. हिंदवीनं एकदा वर्गात हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, लहान पोरांच्या नाकात किती धूळ जाईल तिथं?" केतकीनं म्हटलं, मोजू या.

पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून मुलींनी स्टीलच्या ताटल्या आणल्या. त्यांना व्हॅसलिनचा पातळ हात दिला. काही ताटल्या गावातल्या जुन्या शाळेच्या खिडकीत ठेवल्या, काही माळावरच्या नव्या इमारतीत. दर आठवड्याला पेठेतल्या सराफाच्या काट्यावर वजन करायचं. ताटलीचं वजन जेवढं वाढलं, तेवढी धूळ तिच्यावर बसली. पावसाळ्यात धूळ जमिनीतच दबून राहते आणि क्रशरही बंद असतो, त्यामुळे फरक दिसला नाही. पण कोरड्या महिन्यांत, क्रशर चालू असताना, म्हणजे शाळा भरते त्या बहुतेक दिवसांत, माळावर गावाच्या चौपट धूळ बसत होती. चौपट. आणि ही काही बैलगाडीमागे उडते तशी धूळ नव्हे. दगडाच्या पिठीतले सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, नाकातल्या केसांत अडकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तिथून परत येत नाहीत. मोठ्या माणसाला त्रास व्हायला वर्षं लागतात. सहा-सात वर्षांच्या लेकराची फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि अंगाच्या मानानं ते श्वासही आपल्यापेक्षा जास्त घेतं.

केतकीची अन्वी यंदा पहिलीत होती. सोमवारपासून फुलपाखरांच्या त्या भिंतींत तीही बसणार होती.

"मॅडम, मला वाटतं ताटल्याच टेबलावर मांडू या," हिंदवी म्हणाली. शेवटच्या आठवड्याच्या ताटल्या तशाच, धुळीसकट, कपाटात होत्या. "ही गावातली, ही माळावरची. बघा म्हणायचं."

"अगं, विज्ञान प्रदर्शन आहे, भांड्यांचं दुकान नाही," केतकी फटकन म्हणाली. तिचा हिशेब वेगळा होता. दुसऱ्याच दिवशी शाळेत जिल्ह्याच्या आधीची फेरी होती, अक्कासाहेब पाहुण्या म्हणून येणार होत्या, आणि त्या भाषणात पेंगतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांना जागं ठेवलं, समोर आलेखातली ती चौपटची उंच काठी उभी केली, की उद्घाटन थांबलंच पाहिजे. त्यासाठी झगमगाट हवा असेल तर झगमगाट! तिनं सुबोध निवडला. मुलींनी वर्षभराचे सगळे आकडे त्यात भरले.

आता सुबोध करतो काय? त्याच्या पट्टीत बारीक डोळे असतात. समोर बसलेल्याची बुबुळं कुठे रेंगाळतात, भुवई केव्हा आकसते, ओठाचा कोपरा कुठे ओढला जातो, हे तो सतत टिपत असतो. कंटाळा दिसला की चित्र बदलतो. गोंधळ दिसला की उदाहरण बदलतो. चांगला शिक्षक तरी दुसरं काय करतो, असं कंपनीचं म्हणणं. आणि ते खोटंही नाही. पण शिक्षक मुलांचा कंटाळा बघून पाढे बदलत नाही. सुबोधला एकच शिकवण होती. समोरच्याचा चेहरा खुलला पाहिजे, आणि खुललेला राहिला पाहिजे. आकडा खोटा सांगायचा नाही, एवढं बंधन त्याच्यावर होतं, आणि ते तो इमानेइतबारे पाळायचा. कोणता आकडा पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे मात्र त्याच्यावर सोडलेलं होतं.

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की पुढे सोफा, हे ठरलेलं. सोफ्यावर पाहुणे, पाहुण्यांपुढे टीपॉय, टीपॉयवर स्टीलच्या चकचकीत ताटल्यांत चिवडा आणि बर्फी. त्यांच्यामागे शिक्षकांच्या खुर्च्या, आणि सगळ्यात शेवटी अंधारात सतरंजीवर पोरं. कार्यक्रम पोरांचा, पण पोरं शेवटी! पडद्यावरच्या पट्टीला अंधारातली चारशे पोरं दिसतच नव्हती. तिला उजेडातला सोफा दिसत होता, आणि सोफ्याच्या मधोमध अक्कासाहेब जगदाळे, चिवड्याचा घास घेत बसलेल्या.

हिंदवीनं सुरुवात झकास केली. अक्कासाहेब पेंगल्या नाहीत. पडद्यावर क्रशर आला, धुळीचा लोट आला, "माळावर बसणारी धूळ" असं हिंदवी म्हणाली आणि लाल काठी वर चढू लागली. अक्कासाहेबांचा चेहरा आक्रसला. भुवया जवळ आल्या, ओठ मिटले.

काठी अर्ध्यात थांबली.

मग ती हळूच विरघळली. तिच्या जागी हिरवागार माळ आला, त्यावर पाऊस पडू लागला, आणि फक्त पावसाळ्याच्या महिन्यांची सरासरी आली. एका बाजूला गाव, एका बाजूला माळ, वर आडवी फळी ठेवली तर कलणार नाही इतक्या दोन्ही काठ्या सारख्या.

"नाही, हे नाही," हिंदवी रिमोट दाबत म्हणाली. "पुढचं... म्हणजे मागचं."

सुबोधच्या गोड आवाजानं तिचं वाक्य उचललं. "आणि आनंदाची गोष्ट अशी, की निसर्ग स्वतःच ही हवा धुऊन काढतो!"

अक्कासाहेबांचा चेहरा सैलावला. टाळ्या पडल्या.

"थांबा!" केतकी खुर्चीतून उठली. "हे आमच्या मुलींनी..."

"मॅडम," लोखंडे सरांनी दातांतून शब्द काढले, "पाहुणे बसलेत."

पाहुणे बसलेत! या दोन शब्दांपुढे या देशात भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. केतकीचीही चिकटली. हिंदवीला पहिला क्रमांक मिळाला. अक्कासाहेब म्हणाल्या, "छान होतं हो. तो पाऊस फार छान होता." सोमवारच्या उद्घाटनाची वेळ जाहीर झाली. हिंदवीनं बक्षिसाची ढाल घेतली ती खाली मान घालून, आणि स्टेजमागे जाऊन ढसाढसा रडली. केतकीला तिच्या पाठीवर हात ठेवायचीही लाज वाटली.

संध्याकाळी लोखंडे सरांनी ते सादरीकरण सगळ्या पालकांच्या फोनवर पाठवलं. केतकीनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते उघडलं. चडफडत, शिव्या देतच उघडलं. आणि बघते तर काय, लाल काठी! अर्ध्यात न थांबणारी, पडदा फोडून वर जाणारी. माळावर गावाच्या दहापट धूळ, असं ठसठशीत लिहिलेलं. खाली खोकणारं एक लेकरू.

"हे बघ! हेच!" ती ओरडली. "मेल्यानं तिथं लपवलं, पण आकडे आहेत आत. दहापट, निनाद! दहापट!"

तिचा नवरा निनाद भेंडी चिरत होता. "कशाचं दहापट? मी मघाशी बघितलं ते. सारखंच आहे की दोन्हीकडे."

"नीट बघितलंस का?"

"नीट बघितलं. पोरींनी छान केलंय. तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस, केतकी."

"मी उगाच? तुझी पोर तिथं बसणार आहे!"

"आपली. आणि म्हणूनच म्हणतो, बघितलंय मी. काही नाहीये त्यात."

वास्तविक दोन फोन शेजारी शेजारी ठेवायचे, एवढंच काम होतं. पण भांडण एकदा पेटलं की कोण फोन ठेवतोय! तिनं त्याला आंधळा म्हटलं, त्यानं तिला भांडखोर म्हटलं. भेंडी करपली. अन्वी मुकाट्यानं दहीभात खाऊन झोपली.

रविवारी सकाळी केतकी हिंदवीला घेऊन थेट अक्कासाहेबांच्या घरी धडकली. बंगल्याच्या पडवीत अक्कासाहेब शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढची बाई, कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा.

"या बाई. ही कालपरवाची बक्षीसवाली ना? बस गं."

"बसायला नाही आलो, अक्कासाहेब," केतकी म्हणाली. वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. "तुमच्या क्रशरमुळं नव्या शाळेत दहापट धूळ आहे. दहापट! परवा तुम्हाला ते दाखवलं नाही, कारण तुम्हाला ते आवडलं नाही. तुम्ही तोंड वाकडं केलंत आणि आमच्या पोरींचं वर्ष पाण्यात गेलं. साठ लेकरं कोंबणार आहात तिथं. माझी पोर आहे त्यात. हे बघा, हे आहे खरं!"

तिनं फोन त्यांच्यापुढे धरला.

अक्कासाहेबांनी चष्मा सावरून बघितलं. "बघितलं. दोन्ही सारखेच आहेत की. आणि हा पाऊस."

"काय?" केतकीनं फोन स्वतःकडे वळवला. लाल काठी, दहापट, खोकणारं लेकरू. "हे काय, डोळ्यासमोर आहे!" तिनं पुन्हा तो त्यांच्याकडे फिरवला, या वेळी स्वतः कडेनं वाकून बघत राहिली. अक्कासाहेबांचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यासमोर आला आणि केतकीच्या डोळ्यांदेखत लाल काठी वितळली. माळ हिरवा झाला.

लांबून क्रशरचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे," अक्कासाहेब सावकाश म्हणाल्या, "हे माझं तोंड बघून बदलतं?"

"तुमचं, माझं... सगळ्यांचं," केतकी म्हणाली. तिला परवाची भेंडी आठवली. निनाद आंधळा नव्हता. "त्याला वाटलं, धुळीचं तुम्हाला नको आहे. तुम्ही चेहरा केलात तेव्हा..."

"अगं, मला दमा आहे! वीस वर्षं झाली. धुळीचा लोट नुसता बघितला तरी माझी छाती आवळते. म्हणून तोंड वाकडं झालं. मला ते पुढचं बघायचंच होतं की! कुठं गेलं, म्हणून मी वाटच बघत होते." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आता त्यांचाही आवाज चढला. "नवरा गेल्यापासून लोक माझं तोंड बघून बोलतात. मास्तर तसेच, पुढारी तसेच, पोटचा पोरगा तसाच. आई हसली की गोष्ट काढायची, आई रागावली की गिळायची. कुणी खरं सांगेना म्हणून शाळा काढली मी! आणि तुम्ही शाळेत यंत्र आणलंत, तेही तोंडपुजं!"

"आणलं संस्थेनं," केतकी उसळली.

"सही माझीच असणार. पाच-पन्नास कागदांवर करते, एक तीही." त्या थांबल्या. "बरं, दहापट म्हणालात ना? दहापट तर दहापट. चला."

"मॅडम," हिंदवी अगदी हळू बोलली. "दहापट पण नाहीये."

"काय?"

"आपलं चौपट होतं. दहापट फक्त एकाच आठवड्यात आलं होतं, तिकडं सुरुंग लावले होते तेव्हा. तुम्हीच म्हणाला होता, तो आठवडा वेगळा धरायचा. सुबोधनं तुम्हाला तेवढाच काढून दाखवलाय." तिला रडू यायला लागलं होतं, पण ती थांबली नाही. "तुम्ही चिडला होता ना. म्हणून."

केतकीच्या कानशिलावर कुणी सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं. वर्षभर ज्या आकड्याची तिनं स्वतः खातरजमा केली, तो ती एका संध्याकाळीत विसरली होती. कशामुळे? तिच्या रागाला खमंग घास मिळाला म्हणून. यंत्रानं अक्कासाहेबांना पाऊस चारला आणि तिला आग चारली. दोघींनी मिटक्या मारत खाल्लं. मोजणारी पोरगी तेवढी उपाशी राहिली होती.

"मग खरं कसं कळायचं?" अक्कासाहेबांनी सरळ हिंदवीलाच विचारलं. "आकडे नको सांगूस. आकड्यांची जत्रा आत्ता बघितली मी."

"ताटल्या आहेत. शेवटच्या आठवड्याच्या. कपाटात..." हिंदवी बोलता बोलता थबकली. तिनं केतकीकडे बघितलं.

केतकीलाही टीपॉयवरच्या त्या चकचकीत ताटल्या आठवल्या आणि तिनं कपाळाला हात लावला. शुक्रवारी पाहुणे यायचे होते. पाहुणे येणार म्हटलं की शाळेत असतील नसतील तेवढी भांडी गोळा होतात, घासली जातात, चकचकीत होतात. पोषण आहाराच्या ताटल्या त्या. कुणीतरी कपाटातून काढल्या, म्हणाले असतील, किती घाण ठेवल्यात, आणि धुऊन टाकल्या.

"तुम्ही चिवडा खाल्लात ना, अक्कासाहेब," ती म्हणाली, "त्या ताटल्यांवरच होती आमची धूळ."

अक्कासाहेब आधी हसल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मग नव्यानं लावा. उद्याच."

"उद्या उद्घाटन आहे. पोरं येणार."

"पोरं नाही यायची. मी बसते तिथं."

"तुम्हाला दमा आहे!"

"म्हणून तर. माझी छाती काही माझं तोंड बघून बोलत नाही, बाई." त्यांनी पुन्हा सूप पुढ्यात ओढलं. "आणि क्रशरवर कुणी एक शब्द बोलायचं नाही. चालू असतो तसा चालू दे."

सोमवारी माळावर मांडव होता, वाजंत्री होती, लोखंडे सर इस्त्रीच्या कपड्यांत होते. अक्कासाहेब आल्या, फीत बाजूला सारून आत गेल्या आणि पहिलीच्या वर्गात, फुलपाखरांखाली, खुर्ची टाकून बसल्या. खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या. हिंदवीनं व्हॅसलिनचा हात दिलेली ताटली खिडकीत ठेवली. सुबोधची पट्टी लावू का, म्हणून सर विचारायला आले, तेव्हा अक्कासाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांचं तोंड बघायची सरांना सवय होतीच. ते परत गेले.

क्रशर धडधडत होता. वारा नेहमीसारखा माळाच्या दिशेनं होता. पहिला तासभर काही झालं नाही. मग अक्कासाहेबांनी एकदा घसा खाकरला. नंतर दम्याचा पंप काढला. केतकी म्हणाली, "पुरे करा." त्या म्हणाल्या, "शाळा किती वाजता सुटते?"

मधल्या सुट्टीच्या वेळेला त्यांचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा ऐकू यायला लागला. त्यांचा मुलगा धावत आला. "आई, हे काय चालवलंय? उठ आधी!" त्यांनी हातानंच त्याला थांबवलं आणि ती ताटली मागितली. स्टील मळकट राखाडी दिसत होतं. त्यांनी ताटलीवर एक बोट ओढलं. बोटाखाली लख्ख रेघ उमटली. ती रेघ त्यांनी मुलाला दाखवली, लोखंडे सरांना दाखवली, दारात जमलेल्या पालकांना दाखवली. कुणाचंही तोंड बघून ती बदलली नाही.

"तुझी पोरगी पुढल्या वर्षी पहिलीत," त्या मुलाला म्हणाल्या, मधे मधे दम घेत. "इथं बसवशील?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग कुलूप आणा. एकतर क्रशर इथनं हलेल, नाहीतर शाळा इथं भरणार नाही."

कुलूप लागलं. पोरं जुन्याच शाळेत बसायला लागली. अन्वीला फुलपाखरं हवी होती म्हणून ती दोन दिवस फुगून बसली. निनादनं केतकीसमोर स्वतःहून कान धरले, आणि तिनंही भांडखोर हा शब्द त्या दिवसापुरता मान्य केला. सगळं चांगलंच झालं म्हणायचं.

पण केतकीचा राग जाईना. जाईल कसा? पोरींनी एक अख्खं वर्ष मोजलं, वजन केलं, पुन्हा पुन्हा ताडून बघितलं, ते कुणाला पुरलं नाही. अक्कासाहेब अर्धा दिवस खोकल्या, ते पुरलं. म्हणजे सोफा अजून तिथंच होता की! उद्या सोफ्यावर दमा नसलेला कुणी बसला तर? हिंदवीच्या चौपटला तेव्हा कोण वाली?

चार-आठ दिवसांनी लोखंडे सरांनी पालकांनी फोनवर घेतलेल्या चित्रफिती देऊन सुबोधकडून त्या सोमवारचा वृत्तांत करून घेतला आणि उत्साहानं सगळ्यांना पाठवला. जिल्ह्याला हेच नेऊ या, म्हणाले. केतकीनं शिक्षकांच्या खोलीत तो उघडला. पडद्यावर तीच होती. माळावर ताठ उभी, वाऱ्यात पदर उडतोय, समोर लोक स्तब्ध, आणि ती धुळीवर असं काही बोलत होती की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. असं भाषण तिनं केलंच नव्हतं. इकडून तिकडून तिचीच वाक्यं उचलून जोडली होती, खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. अक्कासाहेब कोपऱ्यात कुठंतरी दिसत होत्या. हिंदवी तर दिसतच नव्हती.

तिनं निनादला फोन लावला. "तुझ्याकडं काय दिसतं त्यात?"

"मस्त आहे गं," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून तुझ्या पाठीशी उभा आहे, असं दाखवलंय."

तिनं फोन ठेवला. आणि मग ती पुन्हा तो वृत्तांत बघत बसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दुसऱ्यांदा. तिला तो आवडला होता. मनापासून आवडला होता. हे जेव्हा तिच्या लक्षात आलं तेव्हा असा संताप झाला तिचा, की तिनं तो फोन उचलून टेबलाच्या खणात कोंबला आणि खण धाडकन लावला. आजवर ती सरांवर चिडली होती, सोफ्यावर चिडली होती, नवऱ्यावर चिडली होती. त्या सगळ्या चिडीला या एका चिडीची सर नव्हती.

ती तडक प्रयोगशाळेत गेली. सोमवारची ताटली हिंदवीनं काचेच्या पेटीत ठेवली होती. राखाडी थर, त्यावर म्हाताऱ्या बोटाची लख्ख रेघ. जिल्ह्याला काय न्यायचं, हे आता विचारायची गरज नव्हती. साधनाचे वीस गुण गेले तर गेले.

"हिंदवी, मार्कर दे," ती म्हणाली.

पेटीवर चिकटवायला तिनं एक मोठा कागद घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ही ताटली धुवायची नाही. थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली, मग खाली आणखी एक ओळ लिहिली.

पाहुणे आले तरी नाही.